मका काढणी ते साठवण: आधी दाण्यातली ओल मोजा, मग पोतं शिवा



मका काढणीला आला आहे. काहींची कणसं खळ्यावर आली, काहींचा मका अजून उभा आहे आणि वर आभाळ भरलेलं आहे. या आठवड्यात ग्रुपवर सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला: "काढू का थांबू? आणि काढला तर लगेच विकू का ठेवू?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून आजचा मेसेज मोठा आहे. संध्याकाळी निवांत वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. कणसं सोलणं, वाळवणं, निवडणं हे काम बहुतेक घरी बायकाच करतात, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचली पाहिजे.

सुरुवात आपल्याच चुकीपासून करतो. मागच्या हंगामात दिवाळीच्या आधी पावसाची भीती होती. "गोदामात जागा आहे तोवर माल आणा," असा मेसेज आपणच टाकला होता. गर्दी झाली. प्रत्येक पोत्याची ओल मोजायची सोडून दाणा चावून बघितला आणि थप्पी लावली. तीन आठवड्यांनी मधलं एक पोतं ओढलं तर हाताला गरम लागलं. उघडलं तर कुबट वास, आणि दाण्याच्या टोकाला हिरवट बुरशी. त्या पोत्यात ओल १७ टक्के निघाली. खरेदीदाराने गाडी गेटवरून परत पाठवली. ज्या सभासदांनी व्यवस्थित वाळवून १३ टक्क्यांचा माल आणला होता, त्यांनाही त्या थप्पीमुळे भाव कमी मिळाला. चूक त्यांची नव्हती, चूक मोजमाप न करण्याची होती.

म्हणून या वर्षी नियम एकच: *१४ टक्क्यांच्या वर ओल असलेलं एकही पोतं गोदामात जाणार नाही.* ओल तुमच्यासमोर मोजली जाईल आणि पावतीवर लिहिली जाईल. पोतं कुणाचं का असेना, अगदी संचालकाचं असलं तरी.

आता एकेक मुद्दा बघू.

*१) काढणी कधी? दाण्याचं टोक बघा*

पान वाळलं म्हणजे मका तयार झाला असं नाही. पाण्याचा ताण पडला किंवा रोग आला तरी पान वाळतं. खरी खूण दाण्यात असते.

शेताच्या चार-पाच ठिकाणची कणसं घ्या. कणसाच्या मधला एक दाणा काढा. जिथे तो कणसाला चिकटलेला होता, ते टोक नखाने खरवडा. तिथे काळा ठिपका, म्हणजे काळा थर दिसला की दाणा भरून पूर्ण झाला. त्यानंतर झाडाकडून दाण्यात काही येत नाही. म्हणजे पुढे थांबून वजन वाढणार नाही, फक्त पाणी कमी होणार.

काळा थर येतो तेव्हा दाण्यात साधारण ३० ते ३५ टक्के पाणी असतं. चांगलं ऊन असेल तर उभ्या पिकात दिवसाला अर्धा ते एक टक्का पाणी उडतं. हाताने कणसं खुडायला २० ते २५ टक्के ओल बरी. हवामान कोरडं असेल तर काळा थर दिसल्यावर आठ-दहा दिवस उभ्या पिकात वाळू द्यायला हरकत नाही.

पण पाऊस सांगितला असेल तर थांबू नका. कणीस उभं असतं, वरचा पाला सुटलेला असतो, पाणी सरळ आत उतरतं. दोन दिवस तसंच राहिलं की बुडाजवळच्या दाण्यांना कोंब फुटतात आणि बुरशी धरते. काळा थर आलेला असेल आणि परतीचा पाऊस तोंडावर असेल तर २८-३० टक्क्यांवरही कणसं खुडून सावलीत, वाऱ्याला आणलेली बरी. ओला दाणा पुढे वाळवता येतो, बुरशी लागलेला दाणा दुरुस्त करता येत नाही.

मजूरच मिळत नसतील तर थोड्या क्षेत्रात एक उपाय करून बघता येतो. काळा थर आल्यावर ताट कणसाच्या खाली वाकवायचं, म्हणजे कणसाचं टोक जमिनीकडे होतं आणि पावसाचं पाणी आत न जाता पाल्यावरून ओघळून जातं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले छोटे शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करतात.

*२) कणसं आणल्यावर पहिलं काम: निवड*

कणसं सोलतानाच तीन वाटे करा:

- चांगली, भरलेली, स्वच्छ कणसं.
- अळीने किंवा पाखरांनी खाल्लेली, पण बुरशी नसलेली. ही वेगळी वाळवा आणि आधी संपवा.
- बुरशी आलेली, काळी पडलेली, कोंब फुटलेली.

तिसरा वाटा पहिल्यात कधीही मिसळू नका. "एवढ्याने काय होतंय, मशीनमध्ये जाईल निघून," असं आपण म्हणतो. मशीनमध्ये ती बुरशी जात नाही, उलट सगळ्या मालाला लागते.

कणसं पाल्यासकट ढीग लावून ठेवू नका. ओल्या कणसांचा ढीग एका रात्रीत आतून तापतो. खात्री करायची असेल तर लोखंडी सळई ढिगात मध्यापर्यंत खुपसा, पंधरा मिनिटांनी काढून हात लावा. गरम लागली तर ढीग लगेच पसरा.

*३) रिकामी कांदा चाळ वापरा*

आपल्याकडे बहुतेकांची चाळ आता रिकामी होत आली आहे. सोललेली कणसं वाळवायला कांदा चाळीसारखी जागा नाही. खालून हवा, बाजूने हवा, वर पत्रा. फक्त चार गोष्टी सांभाळा:

- सडलेल्या कांद्याची घाण पूर्ण झाडून काढा, चाळ दोन दिवस कोरडी होऊ द्या.
- कणसं सोलून भरा, पाल्यासकट नाही.
- चाळीची रुंदी चार फूट असते, तेवढी चालते. उंची मात्र तीन-चार फुटांच्या वर नेऊ नका. पूर्ण भरली की मधल्या कणसांना वारा लागत नाही.
- पावसाची बाजू बघून ताडपत्री लावा, पण चारही बाजूंनी बंद करू नका. वारा बंद झाला की चाळीचा उपयोग संपला.

चाळ नसेल तर पडवीत किंवा शेडमध्ये बांबूच्या तट्ट्यावर पसरा. थेट मातीवर नको. ज्या बुरशीची आपल्याला भीती आहे ती मातीतच राहते, आणि जमिनीतली ओलही वर चढते.

*४) मशीन कधी लावायचं?*

ओला मका मशीनमध्ये घातला की दाणा फुटतो, चेचला जातो. फुटलेल्या दाण्याला बुरशी आणि किडा दोन्ही लवकर लागतात. ओल २० टक्क्यांच्या खाली, शक्यतो १५ ते १८ टक्क्यांवर आली की मळणी करा. ओळखायची सोपी रीत: दोन कणसं एकमेकांवर घासली की दाणे सहज सुटून पडले पाहिजेत. अंगठ्याने दाबून काढावे लागत असतील तर अजून वेळ आहे.

मशीनवाला घाईत असतो, त्याला पुढच्या गावाला जायचं असतं. तरी पहिली दोन पोती निघाली की मशीन थांबवायला सांगा. मूठभर दाणे ताटात घ्या. फुटीचे दाणे जास्त दिसत असतील तर ड्रमचा वेग कमी करायला लावा. आपला माल आहे, सांगायला संकोच नको. आणि ताडपत्री अंथरूनच मळणी करा, माती-खडे गेले की भाव गेला.

*५) दाणे वाळवणं*

- खाली जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री. नुसती जमीन नको, डांबरी रस्ता तर नकोच. रस्त्यावर खडे येतात, गाड्यांचं तेल लागतं आणि दरवर्षी अपघातही होतात.
- थर दोन-तीन बोटांचा, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर. जाड थर वरून वाळतो, खाली ओला राहतो.
- दर अर्ध्या-पाऊण तासाने पाय किंवा दाताळ्याने फिरवा.
- संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाका. सकाळी दव उडाल्याशिवाय उघडू नका.
- कोंबड्या, शेळ्या, कुत्री लांब ठेवा.

*दुपारच्या तापलेल्या दाण्याचं पोतं भरू नका.* ही चूक चांगले चांगले शेतकरी करतात. दुपारी तीनला दाणा कडक लागतो, म्हणून लगेच भरून शिवतात. रात्री बाहेरून पोतं गार होतं, आतला दाणा गरम राहतो, आणि आतल्या आत घाम सुटतो. शेवटच्या दिवशी दाणे रात्रभर ताडपत्रीखाली थंड होऊ द्या, सकाळी दव उडाल्यावर भरा.

*६) ओल मोजायची कशी?*

दाणा दाताखाली कडक वाजला म्हणजे वाळला, हे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. ते खोटं नाही, पण त्यावर १६ आणि १३ यातला फरक कळत नाही, आणि सगळा खेळ त्या तीन टक्क्यांचाच आहे.

*मिठाची बाटली:* घरी करता येते. काचेची स्वच्छ, पूर्ण कोरडी बाटली झाकणासकट घ्या. मीठ तव्यावर गरम करून कोरडं करा, गार होऊ द्या. बाटलीत एक तृतीयांश मक्याचे दाणे आणि दोन-तीन मोठे चमचे मीठ घाला. झाकण लावून एक मिनिट जोरात हलवा. पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. काचेला मीठ चिकटलं नाही तर १५ च्या खाली आली. नेमका आकडा कळणार नाही, पण वाळवणं थांबवायचं का नाही हे कळेल.

*मीटर:* संकलन केंद्रावर मीटर आहे, सभासदांना तपासणी फुकट. नमुना असा आणा: ढिगाच्या पाच ठिकाणांहून, वरून, मधून आणि तळातून, मूठ-मूठ दाणे घ्या, एकत्र करा, त्यातले अर्धा किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणा. खिशात किंवा रुमालात उघडे दाणे आणू नका, वाटेतच वाळतात आणि आकडा खोटा येतो. उन्हातून उचललेले गरम दाणेही आणू नका, मीटर चुकीचा आकडा दाखवतो.

लक्षात ठेवायचे आकडे दोनच:
*लगेच विकायचा: १४ टक्के किंवा थोडं खाली.*
*दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा: १२ टक्के.*

*७) "वाळवला तर वजन घटतं, मग ओला विकला तर काय वाईट?"*

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. भावनेने नाही, हिशेबाने उत्तर काढू.

वाळवताना फक्त पाणी जातं, दाण्याचा कोरडा भाग तेवढाच राहतो. म्हणून १४ टक्क्यांवर किती वजन राहील ते असं काढायचं: *१०० मधून ओल वजा करा, ८६ ने भागा, आणि तुमच्या वजनाने गुणा.*

१०० क्विंटल ओल्या मक्याचे १४ टक्क्यांवर राहतात:
१६ टक्के ओल असेल तर सुमारे ९७.७ क्विंटल
१८ टक्के: ९५.३ क्विंटल
२० टक्के: ९३ क्विंटल
२२ टक्के: ९०.७ क्विंटल
२५ टक्के: ८७.२ क्विंटल

आता समजा १४ टक्क्यांच्या मालाला २,००० रुपये भाव आहे (हिशेब सोपा जावा म्हणून धरला आहे, आजचा भाव वेगळा असेल). तुमचा १०० क्विंटल माल २० टक्क्यांवर आहे. वाळवून ९३ क्विंटल होईल, त्याचे १,८६,००० रुपये. वाळवायची मजुरी आणि जादा हमाली समजा ५,००० रुपये. हातात १,८१,०००. म्हणजे ओल्या मालाला कुणी क्विंटलला १,८१० पेक्षा जास्त देत असेल तर खुशाल ओला विका, पाऊस दिसत असेल तर नक्की विका. १,६०० देत असेल तर वाळवून तुम्हाला क्विंटलमागे २१० रुपये जास्त मिळतात, १०० क्विंटलला २१,००० रुपये.

दुसरा उपयोग कटतीचा. १४ च्या वर एका टक्क्याला खरी घट क्विंटलमागे साधारण १ किलो १६० ग्रॅम होते. कुणी टक्क्याला दोन किलो कापत असेल तर त्यात घटीशिवाय त्याचा वाळवण्याचा खर्च आणि नफा आहे. तो घेऊ नये असं नाही, पण तुम्हाला माहीत असलं की बोलता येतं.

आणि उलटी बाजूही बघा. लगेच विकायच्या मालाला १० टक्क्यांपर्यंत वाळवलं तर १४ टक्क्यांच्या १०० क्विंटलचे सुमारे ९५.६ क्विंटल होतात. भाव तोच. चार क्विंटलचे पैसे उन्हात उडाले. म्हणूनच मीटर.

*हमीभाव:* २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला होता. हमीभाव खरेदीतही ओलीची मर्यादा १४ टक्केच आहे. नोंदणी करून, ट्रॉली भरून केंद्रावर गेल्यावर १७ टक्के निघाले तर भाडं तुमच्याच अंगावर पडतं. आधी मोजा, मग ट्रॉली भरा.

*८) बुरशी: इथे हिशेब पैशाचा नाही, जिवाचा आहे*

ओल्या मक्यावर हिरवी-पिवळी भुकटीसारखी बुरशी येते. ती एक विष तयार करते, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे विष डोळ्यांना दिसत नाही. बुरशी झटकली, दाणे धुतले, उन्हात टाकले, दळून भाकरी भाजली तरी विष जात नाही. ते लिव्हरवर जातं.

ही लांबची गोष्ट नाही. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानमधल्या बांसवाडा या लागून असलेल्या जिल्ह्यांत काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, तसाच घरात भरला गेला. आदिवासी गावांतल्या गरीब घरांत खायला दुसरं धान्य नव्हतं, त्याच मक्याच्या भाकरी रोज झाल्या. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभराहून जास्त माणसं गेली. त्या घरांतली कुत्रीही मेली. कारण होतं तेच, बुरशीचं विष. केनियात २००४ साली असाच ओला साठवलेला मका खाऊन सव्वाशे लोक दगावले. आपल्या नंदुरबारकडे, सातपुड्यात आजही रोजची भाकरी मक्याची असते. जिथे मका रोज खाल्ला जातो तिथे ही काळजी दुप्पट घ्यायची.

"माणसाला नको तर गुरांना घालू," हेही नको. दुभत्या जनावराने असा मका खाल्ला तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध घरातलं लेकरू पितं. कोंबडीची पिल्लं तर फार लवकर मरतात. माणसाच्या खाण्याच्या धान्यात या विषाची कायद्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कंपन्या गेटवर एवढी कडक तपासणी का करतात ते यावरून कळेल.

बुरशीची कणसं जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा ठिकाणी, विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. हाताळताना नाका-तोंडाला रुमाल बांधा. दोन पोती गेली म्हणून वाईट वाटेल. पण तीच दोन पोती मिसळली तर वीस जातात.

*९) साठवण: किडा शेतातूनच येतो*

"पोतं नवं होतं, घर स्वच्छ होतं, मग सोंडे आले कुठून?" बऱ्याचदा शेतातून. मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. वरून दाणा चांगलाच दिसतो. उबदार हवेत महिन्याभरात नवा सोंडा बाहेर पडतो आणि पुन्हा अंडी घालतो. म्हणून पहिला महिना काही दिसत नाही, तिसऱ्या महिन्यात पोत्यातून पीठ गळायला लागतं. दाणा जितका कोरडा तितकी त्याची वाढ मंद.

काय करायचं:

- खोली झाडा, भिंतींच्या भेगा बुजवा, मागच्या वर्षीचं धान्य आणि झाडलोट बाहेर काढा. नवा माल जुन्यात मिसळू नका.
- जुनं बारदान उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा, मगच वापरा.
- पोती जमिनीवर नको. लाकडी फळ्या किंवा विटांवर बांबू टाकून अर्धा-पाऊण फूट उंच थप्पी लावा. भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडा, म्हणजे ओल चढत नाही आणि उंदीर दिसतो.
- त्याच खोलीत खत, औषधं, डिझेल नको.
- महिन्यातून दोनदा थप्पी बघा. मधल्या पोत्यात हात घाला: गरम लागतं का? वास कुबट आहे का? पीठ दिसतं का? तिन्हींपैकी एक जरी असेल तर त्याच दिवशी पोतं उघडून वाळवा, "रविवारी बघू" नको.

*हवाबंद पिशवी:* घरच्या खाण्याच्या आणि कोंबड्यांच्या मक्याला हा चांगला उपाय आहे. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर साधं पोतं. आतली हवा दाबून काढायची, तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधायचं. आत राहिलेले किडे शिल्लक हवा वापरून संपवतात आणि गुदमरून मरतात. औषध लागत नाही. पण दोन अटी: मका १२-१३ टक्क्यांवर वाळलेलाच हवा, नाहीतर आत बुरशी होते. आणि पिशवी सारखी उघडायची नाही. रोज लागणारा मका वेगळ्या डब्यात काढा. उंदराने भोक पाडलं की पिशवी गेली, म्हणून उंदराचा बंदोबस्त आधी.

*गोळ्यांबद्दल कळकळीची विनंती:* अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरातल्या धान्यात टाकू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. धान्याच्या खोलीशेजारी झोपलेली माणसं, लहान मुलं रात्रीतून गेल्याच्या घटना आहेत. हे काम प्रशिक्षित आणि परवानगी असलेल्या माणसांनी, रिकाम्या बंद गोदामातच करायचं असतं. दुकानदाराने हातात दिल्या म्हणून त्या घरात वापरण्याच्या होत नाहीत.

*१०) ठेवायचा का विकायचा?*

भाव वाढेल का, हे आम्ही सांगणार नाही. पण ठेवायला खर्च किती येतो ते सांगतो. समजा आज २,००० भाव आहे आणि चार महिने ठेवायचा आहे. अडकलेल्या पैशाचं व्याज महिना एक टक्का धरलं तर ८० रुपये. बारदान, हमाली, भाडं समजा ६० रुपये. १४ वरून १२ टक्क्यांवर आणताना घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४६ रुपये. किडा-उंदीर एक टक्का धरला तर २० रुपये. एकूण २०६ रुपये. म्हणजे चार महिन्यांनी २,२०६ च्या वर भाव मिळाला तरच ठेवल्याचा फायदा. तुमचे स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब कागदावर मांडा.

पैशाची नड आहे पण भाव पडलेला आहे, अशा वेळी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीमार्फत मका गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळतं. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, ते माल भरण्याआधी विचारा. तिथेही वाळलेला, स्वच्छ मालच घेतात. फिरून फिरून गोष्ट ओलीवरच येते.

*थोडक्यात, फोनमध्ये जपून ठेवा:*

- दाण्याच्या टोकाला काळा थर दिसला की मका तयार. पाऊस असेल तर थांबू नका.
- बुरशीची कणसं सोलतानाच वेगळी. ना माणसाला, ना गुरांना.
- मशीन २० टक्क्यांच्या खाली, शक्यतो १५-१८ वर.
- थर दोन-तीन बोटांचा, गार करून मगच पोतं.
- विकायला १४, ठेवायला १२.
- महिन्यातून दोनदा पोत्यात हात.

नमुना तपासायला येताना पिशवीवर आपलं नाव आणि गाव लिहा. कणसावरची बुरशी ओळखता येत नसेल तर उजेडात फोटो काढून ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा शेजाऱ्याला मिठाच्या बाटलीची रीत करून दाखवा, वाचून दाखवण्यापेक्षा ते लवकर कळतं.

मागच्या वर्षीची गाडी गेटवरून परत आली तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले होते, "मका शेतात चार महिने सांभाळला आणि घरात चार दिवस सांभाळता आला नाही." या वर्षी ते चार दिवस आपण सांभाळू.

आपली कंपनी, आपला माल.